प्रोफेन म्हणजे देवळाबाहेरचे

ती बाई देवळाबाहेर लोकांच्या चपला सांभाळते हे मला माहीत होतं. हे पहिल्या ओळीतच लिहून टाकतो, कारण त्यानंतर तीन आठवडे मी सगळ्यांना सांगत होतो की मला माहीत नव्हतं. बायकोला तसं सांगितलं, क्लासच्या मालकाला सांगितलं, शेवटी खुद्द त्या बाईलाही सांगून पाहिलं. ते खोटं होतं.

मी इंग्रजीचा शिक्षक आहे. पन्नाशी ओलांडली आहे. सकाळी कॉलेज, आणि मंगळवार, गुरुवार, रविवार दुपारी औरंगपुऱ्यात एका दुकानाच्या माडीवर चालणारा क्लास. या क्लासला गाईड व्हायला निघालेली माणसं येतात. वेरूळ-अजिंठ्याला बाहेरदेशचे पाहुणे येतात, त्यांना लेणी दाखवायची तर परवाना लागतो आणि परवान्यासाठी इंग्रजीतून तोंडी परीक्षा द्यावी लागते. आमच्या वर्गात जीप चालवणारे आहेत, हॉटेलात काम करणारे आहेत, एक निवृत्त तलाठी आहेत. लेण्यांची माहिती त्यांना माझ्याहून जास्त. त्यांचं अडतं ते शब्दांपाशी. गाभाऱ्याला काय म्हणायचं, भिक्खूला काय, स्तूपात ठेवलेल्या अस्थींना काय. श्राइन, सँक्टम, मंक, रेलिक, पिलग्रिम. हे शब्द मी शिकवतो.

शिकवण्याची माझी एक रीत आहे आणि तिच्यावरून मालकाचं आणि माझं कायम वाजतं. शब्दाचं मूळ सांगितल्याशिवाय मी पुढं जात नाही. मालक चितेगावचा, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, मोकळ्या स्वभावाचा. तो दारात उभा राहून ऐकायचा आणि नंतर चहा पिताना म्हणायचा, "सर, झाड दाखवा ना यार. मुळं कायको खोदते? परीक्षेत अर्थ विचारतात."

"अर्थ फोनमध्ये मिळतो," मी म्हणायचो. "मग मला कशाला बोलावता?"

मी त्याचं ऐकलं नाही आणि आजही ऐकत नाही. धर्माचे इंग्रजी शब्द आमच्या लोकांना भिववतात. परक्या देवळातून, परक्या पोशाखात आल्यासारखे वाटतात. मूळ सांगितलं की भीती जाते. डिव्हाइनच्या मुळाशी जा, तिथं आपला देव बसलेला असतो. लॅटिनचा देउस आणि आपला देव एकाच घरातले. क्रीड म्हणजे पंथाची कबुली, ती लॅटिनच्या क्रेदोतून आली, आणि क्रेदो आणि श्रद्धा हे दोन शब्द सख्खे चुलतभाऊ आहेत. रेलिक म्हणजे मागं राहिलेलं. आपण अवशेष म्हणतो तेव्हा दुसरं काय म्हणतो? शब्द आपल्या भावकीतला निघाला की माणूस तो छाती काढून बोलतो. हे मी वर्षानुवर्षं डोळ्यांनी बघितलं आहे.

आणि पेगन. हा शब्द मी नेहमी रंगवून सांगतो. लॅटिनमध्ये पागुस म्हणजे गावशीव, खेड्यांचा टापू. पागानुस म्हणजे तिथला, खेडवळ. नवा धर्म आधी शहरांनी धरला, खेडी जुन्या देवांपाशीच राहिली, म्हणून खेडवळ म्हणजे धर्म नसलेला, असं एक मत आहे. हे सांगितलं तेव्हा खिडकीजवळच्या बाकावरून आवाज आला, "म्हंजी सर, आमी खुलताबादचे समदे पेगन?"

"तुम्ही खुलताबादचे. मी देवगाव रंगारीचा. मी तर पक्का पेगन," मी म्हणालो, आणि वर्ग हसला, तीही हसली.

तीच ही बाई. तीस-बत्तीस वर्षांची, खुलताबादहून एसटीनं यायची. शाळा दहावीपर्यंत, पण इंग्रजी ऐकून ऐकून शिकलेली. उच्चार आमच्या तलाठ्यांपेक्षा चांगले. कुठं काम करता असं मी विचारलं नव्हतं आणि तिनं सांगितलं नव्हतं. एका शनिवारी गावाकडून परत येताना मी खुलताबादला पेरू घ्यायला उतरलो. तिथल्या मारुतीच्या देवळाबाहेर ती चपलांच्या ढिगामागं बसलेली दिसली. चपला घ्यायची, पत्र्याचा बिल्ला द्यायची. शेजारी सासू. तिनं मला पाहिलं नाही. मी पेरू घेऊन पुढच्या गाडीत बसलो.

आता मंकबद्दल सांगतो, कारण पुढं मी जे बोललो त्यामागचा राग तिथला होता.

एका रविवारी मी फळ्यावर लिहिलं, मोनोस. ग्रीक शब्द, अर्थ एकटा. त्यातून लॅटिनमध्ये मोनाखुस झाला, तिथून इंग्रजीत मंक. मंक म्हणजे एकटा राहणारा. तिनं हात वर केला.

"सर, मंग वेरूळला बारा नंबरच्या लेण्याला तीन मजले कशापायी कोरले? एकटा मानूस तीन मजल्यांचं काय करील? भाड्यानं देईल?"

वर्ग खदखदून हसला. तलाठ्यांना ठसका लागला. ती मात्र हसत नव्हती. "नाय सर, खरंच इचारते. आपला भिक्खू म्हंजी भिक्षा मागनारा. मागायला गाव लागतं, वाढायला मानसं लागतात, ऱ्हायला संघ लागतो. मी पाहुण्याला मंक म्हनलं आन् मूळ सांगितलं, तर त्याला उलटंच कळंल की."

तिचं बरोबर होतं. त्या क्षणीच मला ते कळलं होतं. पण मी म्हणालो, "परीक्षेत मंकच म्हणायचं. पुढं चला." म्हणजे मुळांसाठी वर्षानुवर्षं मालकाशी भांडणारा मी, मूळ अंगावर आल्याबरोबर मालकाच्याच भाषेत बोललो.

झोंबलं ते वेगळंच. आमचं घर बौद्ध. भिक्खू शब्दाचा अर्थ मला पाळण्यात असल्यापासून माहीत. आणि तो मला, चारचौघांत, मारुतीच्या देवळाबाहेर बसणाऱ्या बाईनं शिकवावा? असं माझ्या मनात आलं. इतकं उघडं लिहायला लाज वाटते, पण आलं.

माझे आजोबा गावातल्या देवळाच्या पायऱ्यांखाली उभे राहायचे. नारळ लांबून ठेवायचा, प्रसाद वरून ओंजळीत पडायचा. पडताना हाताला हात लागू नये म्हणून देणारा हात उंच धरायचा, असं वडील सांगत. वडिलांनी दीक्षा घेतली आणि ते संपलं. त्यानंतर आमच्या घरातलं कुणी कुठल्या देवळापुढं उभं राहिलं नाही, आत नाही आणि बाहेरही नाही. कॉलेजात असताना एका जाड शब्दकोशात मला प्रोफेन हा शब्द सापडला. लॅटिनमध्ये प्रो म्हणजे पुढं, बाहेर. फानुम म्हणजे देऊळ. देवळाच्या बाहेर राहिलेलं ते प्रोफेन, अपवित्र. मी शब्दकोश मिटला नाही. ते पान दोनदा वाचलं. हा तर आजोबांचा शब्द होता. तेव्हापासून तो मी मनात मिरवला आहे. आम्ही बाहेरचे? असू द्या. आम्ही बाहेरूनच निघालो आणि आमच्या वाटेनं गेलो, आत घ्या म्हणून कुणाचे पाय धरले नाहीत.

पण हे मी वर्गात कधी सांगत नसे. माझ्या आडनावावरून काही कळत नाही. सर, सर म्हणून मिळणारा मान बिनचौकशीचा होता आणि मला तो सोयीचा होता.

मंगळवारी परीक्षेच्या शब्दांच्या यादीत प्रोफेन आला. मी फळ्यावर प्रो लिहिलं, फानुम लिहिलं, अर्थ सांगितला आणि वर्गाकडं वळलो.

"देवळाबाहेर कोण बसतं?"

"भिकारी," कुणीतरी म्हणालं.

"अजून?"

मी खिडकीजवळच्या बाकाकडं बघितलं. "चपला सांभाळणारे. आत जायची लायकी नाही, म्हणून चपलांपाशी. हे सगळे प्रोफेन. आता हा शब्द कुणी विसरणार नाही."

वर्ग हसला. एक जीपवाला वेरूळचा होता, त्याला तिचं काम माहीत असावं. तो अर्ध्यात थांबला. वहीत तिनं शब्द लिहून घेतला, पुढं अर्थ लिहिला, पेनाचं टोपण लावलं. तास संपेपर्यंत बसली. गुरुवारी आली नाही. रविवारी आली नाही. मी प्रत्येक तासाला त्या बाकाकडं बघून शिकवायला सुरुवात करायचो आणि कुणी विचारलं तर म्हणायचो, मला काय माहीत, घरचं काहीतरी असेल.

तिसऱ्या आठवड्यात शुक्रवारी मालकाचा फोन आला, परीक्षेला बसणाऱ्यांची यादी सोमवारी पाठवायची म्हणून. त्यानं नावं वाचून दाखवली. तिचं नव्हतं.

"हजेरी नाही तिची. कापलं."

"भाऊ, ती का येत नाही माहीत आहे?"

"माहीत आहे. जीपवाल्यानं सांगितलं. मजाक होता सर, जाने दो. पुढच्या वर्षी बसेल."

"मला माहीत नव्हतं ती तिथं बसते ते," मी म्हणालो.

"तेच म्हणतो मी. मग तुमचा काय दोष?"

त्यानं माझं खोटं इतक्या सहज उचलून मला परत दिलं की मला ते धरवेना. शनिवारी सकाळी मी खुलताबादची गाडी धरली.

शनिवार म्हणजे मारुतीचा वार. चपला द्यायलाच मोठी रांग होती. दुसरं काय करावं ते न सुचून मी रांगेत उभा राहिलो. माझी पाळी आली.

"चपला," ती वर न बघता म्हणाली.

"ताई, मी आहे."

"दिसलं मला. चपला द्या."

"मला आत जायचं नाही."

"मंग लायनीत कशाला? सरका, मागं मानसं हायत."

मी सरकलो. सासूनं विचारलं, "कोन गं?" ती म्हणाली, "आमचे इंग्रजीचे सर." सासू म्हणाली, "मंग उभं काय केलंस त्यांना? बसू दे की." माझ्यासाठी एक पोतं घडी करून टाकलं गेलं. मी चपलांच्या शेजारी बसलो. तास-दीड तास बसलो असेन. त्या अवधीत मी तिला एकही चुकीची चप्पल देताना पाहिलं नाही. बिल्ला हातात यायच्या आधीच तिचा हात चपलेकडं गेलेला असायचा.

गर्दी ओसरल्यावर मी म्हणालो, "त्या दिवशी बोललो ते चुकलं, ताई. तुम्ही इथं काम करता हे मला माहीत नव्हतं."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. "सर, तुमी माज्याकडं बघून बोल्लात. माहीत नसतं तर बघितलं कशाला असतं?"

"माहीत होतं," मी म्हणालो. मग मी घाईनं आजोबांचं सांगू लागलो. पायऱ्या, नारळ, वरून पडणारा प्रसाद, सगळं. मी कुठल्या घरातला आहे ते आयुष्यात पहिल्यांदा कुणा विद्यार्थ्याला सांगत होतो, आणि मला वाटत होतं की मी फार मोठं काहीतरी करतोय. मधे दोन माणसं आली, तिनं त्यांच्या चपला दिल्या, बिल्ले डब्यात टाकले.

"मंग तर तुमाला आदी कळाया पायजे होतं," ती म्हणाली.

"हो."

"आजोबांचं लई वाईट झालं. मी नाय म्हनत नाय. पन तुमी ते आता काढलं ते मला बोल्लात त्याच्यावर झाकन घालायला. त्यांना कशाला मधी आनता?"

सासू आम्हा दोघांकडं आळीपाळीनं बघत होती. सुनेनं कमरेच्या पिशवीतून फोन काढला. "मी घरी बसून नव्हते सर. तुमचं ते फानुम शोधलं. त्याच्यातनंच अजून एक शब्द निघतो. फॅनॅटिक. फानुममधला. देव अंगात आल्यावानी करनारा. बरोबर का?"

"बरोबर."

"म्हंजी बाहेरचा तो अपवित्र आन् आतला तो येडा. मंग बरा कोन?" मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "चपलावाली. तिला आतबाहेर दोन्ही दिसतं." सासूला काही कळलं नव्हतं तरी ती हसली. मीही हसलो असतो, पण मला तो अधिकार नव्हता.

मग मी यादीचं सांगितलं. तिचा हात डब्यावर थांबला.

"नाव कापलं?"

"हजेरीवरून. सोमवारी यादी जाते."

"सहा महिने पाठ केलंय मी," ती म्हणाली. "हितं बसून, बिल्ले देता देता. माज्या सासूला इचारा, झोपंत बी लेण्यांचे नंबर म्हनते. या कामाची लाज नाय मला सर, पन मला ते गाईडचं काम करायचंय." मग डोळे पुसल्यासारखं करून, पण कोरड्या आवाजात, "आन् तुमी हितं पोत्यावर बसून माफी मागता. कुनाला कळली? वर्गात पंधरा-सोळा मानसं हसली होती. तिथं बोला."

"उद्या याल?"

"येईन. परीक्षेसाठी येईन. तुमच्यासाठी नाय."

परतीच्या गाडीत घाट उतरताना मी वहीत माफीचा मजकूर लिहायला घेतला. एक पान भरलं. वाचून बघितलं तर त्यात निम्म्याहून जास्त मी होतो: माझी पद्धत, माझा हेतू, माझे आजोबा, माझी शिक्षकी. आणि मग तो शब्द आठवला. अपॉलॉजी. मूळ ग्रीक, आपोलोगिया, म्हणजे बचावाचं भाषण. आरोप झालेला माणूस उभा राहून आपली बाजू मांडतो ते. पुढं लॅटिनमधून तो धर्माच्या कामाला लागला, आपल्या श्रद्धेचा बचाव करणारे ग्रंथ त्या नावाखाली लिहिले गेले. चुकलो असं म्हणणं हा अर्थ त्या शब्दाला फार उशिरा चिकटला. खुलताबादला मी जे केलं होतं ते जुन्या अर्थानं अगदी निर्दोष अपॉलॉजी होतं. मी वहीतल्या ओळी खोडायला लागलो. हेतू खोडला, पद्धत खोडली. आजोबांची ओळ खोडताना हात अडला, पण तीही खोडली. दौलताबाद येईपर्यंत पाच-सहा वाक्यं उरली. ती मराठीतच ठेवली. सॉरी म्हणून सुटण्याची मला भीती वाटली. माफी हा आमच्या बोलीतला शब्द, अरबीतून फारसी-उर्दूच्या वाटेनं इकडं आलेला. तो मागायचा असतो, आणि मागणाऱ्याला मिळेलच असं नाही.

रविवारी मी तासाच्या आधी मालकाकडं गेलो. "तिचं नाव घाला."

"हजेरी कुठून आणू?"

"गैरहजेरी माझ्यामुळं आहे. आणि मी आज वर्गात माफी मागणार आहे."

"फोनवर मागा ना सर. वर्गात मास्तरनं माफी मागितली की विद्यार्थी डोक्यावर बसतात."

"तुमच्या वर्गात तलाठी बसतात. ते आधीपासूनच डोक्यावर आहेत."

तो हसला, मग गंभीर झाला. "लेखी द्या मग. तुमच्या चुकीमुळं ती आली नाही असं. माझ्या फायलीला लागेल." त्याला वाटलं मी इथं मागं सरेन. मी त्याच्याच टेबलावर कागद ओढून लिहिलं: सदर विद्यार्थिनी माझ्या अपमानास्पद बोलण्यामुळे गैरहजर राहिल्या, त्यांची हजेरी धरावी. खाली सही केली.

त्यानं दोनदा वाचलं. "हे कुणी बाहेर दाखवलं तर उद्या कॉलेजात तुमचंच वाकडं होईल."

"होऊ द्या. नाव घाला."

"मी तुमच्या भल्याचं सांगतो सर."

"माझं भलं गेले तीन आठवडे बघितलं मी. नाव घाला, नाहीतर मंगळवारपासून दुसरा शिक्षक बघा."

त्यानं पेन घेऊन यादीच्या तळाला तिचं नाव लिहिलं. मी ते लिहून होईपर्यंत उभा राहिलो.

वर्ग भरला होता. ती आली, तिच्या बाकावर बसली, वही काढली. माझ्याकडं बघितलं नाही. फळा पुसायचा राहिला होता, तो मी तसाच सोडला. कागद खिशात होता पण तो काढला नाही. जीपवाल्याला वाटलं मी शिकवायला सुरुवात करतोय, त्यानं शब्दांच्या यादीचं पान उघडलं. मी त्याला म्हणालो, आज आधी मला बोलायचं आहे.

"मागच्या महिन्यात मी या वर्गात देवळाबाहेर बसणाऱ्यांवर एक वाक्य बोललो आणि तुम्हाला हसवलं. ते या ताईंना लागावं म्हणूनच बोललो होतो. त्या काय काम करतात ते मी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. आदल्या रविवारी त्यांनी मंक या शब्दावरून माझी चूक दाखवली होती. ती चूक माझीच होती, आणि मी तिचा राग त्यांच्या कामावर काढला. नंतर विचारणाऱ्यांना मी खोटं सांगितलं. त्यामुळं त्यांचे तीन आठवडे बुडाले आणि परीक्षेचं नाव जाता जाता राहिलं. यात सांगण्यासारखी माझी कोणतीही बाजू नाही. ताई, मी तुमचा अपमान केला. या सगळ्यांसमोर केला, म्हणून या सगळ्यांसमोर तुमची माफी मागतो."